मोज्याच्या आत किती दाब?

माणूस नुसता उभा राहिला की घोट्याजवळच्या शिरेत ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. यात आजार काही नाही, सरळ गणित आहे. अकरावीच्या पोरांना मी दरवर्षी शिकवते की द्रवाचा दाब त्याच्या स्तंभाच्या उंचीवर अवलंबून असतो. माझ्या हृदयापासून घोट्यापर्यंतचं अंतर साधारण ११० सेंटीमीटर आहे आणि रक्त पाण्यापेक्षा थोडंसंच जड. हिशेब केला तर ८५ च्या आसपास उत्तर येतं. शिरांचा आजार कळतो तो चालताना. धडधाकट पायात काही पावलं टाकली की पोटरीचा स्नायू आखडतो, शिरांमधलं रक्त वर ढकलतो, शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत आणि घोट्याजवळचा दाब २० ते ३० पर्यंत उतरतो. माझ्या डाव्या पायातला दाब चालूनही फारसा उतरत नव्हता. त्यासाठी बाहेरून दाब देणारा घट्ट मोजा, म्हणजे स्टॉकिंग, घालायची वेळ आली, आणि तो खरंच किती काम करतो ते मोजल्याची ही हकीकत.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईचा दिवस उभ्यानंच जातो. बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा सुरू झाल्या की सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेतून बसायला सवड मिळत नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर पोटरीवर शिरा फुगल्या होत्या, त्यांच्याकडे मी फारसं बघत नव्हते. पण मागच्या हिवाळ्यात घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी पडायला लागली आणि रात्री खाज सुटायला लागली, तेव्हा नागपुरात धंतोलीतल्या रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बोटानं तो डाग दाबून पाहिला आणि सांगितलं की दाब सतत चढा राहिला की बारीक केशवाहिन्यांतून तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, त्यांच्यातलं लोह कातडीत साचतं, रंग त्याचाच. या आजाराच्या शून्य ते सहा अशा पायऱ्या करतात. कातडी बदलली म्हणजे चौथी पायरी, आणि सहाव्या पायरीवर उघडी जखम असते. चौथीवरच आलात हे बरं झालं, असं ते म्हणाले.

पहिली तपासणी डॉपलरची, म्हणजे रक्त कुठल्या दिशेला वाहतं ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीची, तीही उभ्यानं. आडवं झोपवून केली तर झडपांची गळती नीट दिसत नाही, म्हणून मला एका बुटक्या स्टुलावर उभं केलं आणि धरायला पुढे लोखंडी दांडी दिली. तपासणी करणारी मुलगी भंडाऱ्याकडची. "मॅडम, सारं वजन उजव्या पायावर द्या जी. हा पाय एकदम ढिल्ला सोडा," असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती, कारण स्नायू आखडलेला असला तर आकडा चुकतो. मांडीच्या आतल्या बाजूला गार जेल लावून तिनं प्रोब टेकवला आणि दुसऱ्या हातानं माझी पोटरी दाबली. पडद्यावर शिरेचा गोल निळा झाला, म्हणजे रक्त वर निघालं. तिनं हात सोडला. इथे सगळं थांबायला हवं होतं. त्याऐवजी तो गोल लालभडक झाला आणि यंत्रातून हुश्श असा लांब आवाज आला. वर गेलेलं रक्त परत खाली येत होतं. वरवरच्या शिरेत ही उलटी धार अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त चालली की झडप निकामी धरतात. माझ्या मांडीतल्या लांब शिरेत ती जवळजवळ तीन सेकंद चालली. विहिरीवरच्या मोटरचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, गेला की पंप बंद करताच पाइपातलं पाणी खाली उतरतं, ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगायला लागत नाही. आत खोलवरच्या शिरा मात्र स्वच्छ निघाल्या, त्यांत जुनी गुठळीही नव्हती. ही मोठी गोष्ट होती.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. एक, ती निकामी शीर लेझरनं आतून बंद करायची. दुसरा, दाब देणारं स्टॉकिंग. लेझर केलं तरी तोवर पाय सांभाळायचा म्हणून स्टॉकिंग लागणारच होतं. मी त्यांना विचारलं की शिरेत दाब ८५ चा आणि तुम्ही बाहेरून २५ चा देणार, तर त्यानं होणार काय? त्यांना प्रश्न आवडला असावा, कारण खुर्ची ओढून बसून त्यांनी उत्तर दिलं. आडवं असताना पोटरीतल्या शिरा २० ते २५ च्या दाबानं मिटतात, पण उभं असताना त्या पूर्ण मिटवायला ७० च्या आसपास लागतात. म्हणजे उभ्या पायात स्टॉकिंग शीर बंद करत नाही. ते शिरेला फुगायला कमी जागा देतं, त्यामुळे खाली येणारं रक्त कमी होतं, आणि पोटरी आखडली की तिला बाहेरून टेकायला भिंत मिळते. खरा फायदा चालण्यात आहे. "पण तुमच्या पायात तो किती होतो ते बोलून कळणार नाही, मोजून बघू," असं म्हणून त्यांनी मला आतल्या खोलीतलं यंत्र दाखवलं.

त्याआधी धमन्या तपासल्या. यावर मी जरा थांबते, कारण आपल्याकडे मेडिकलच्या दुकानातून स्टॉकिंग घेणाऱ्या बहुतेकांना हे कुणी विचारतच नाही. घोट्याला बीपीचा पट्टा बांधून पेनासारख्या छोट्या डॉपलरनं तिथला वरचा दाब पाहतात, दंडाचा पाहतात आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागतात. उत्तर ०.९ च्या खाली आलं तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं धरतात. ०.६ च्याही खाली असेल तर नेहमीचं घट्ट स्टॉकिंग घालू देत नाहीत, कारण पायाला आधीच कमी मिळणारं रक्त बाहेरच्या दाबानं आणखी कमी होईल. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा खोटा वर जातो, तिथे वेगळी तपासणी लागते. माझा १.०४ आला. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्यांचेही पाय सुजतात. माझं बघून त्याही मागणार हे मला ठाऊक होतं, म्हणून त्यांची तपासणी झाल्याशिवाय त्यांना माझं स्टॉकिंग चढवू द्यायचं नाही हे मी तिथेच पक्कं केलं.

मोजणीला सकाळी यायला सांगितलं होतं, सूज चढायच्या आत. तपासणीच्या त्याच मुलीनं टेपनं घोट्याच्या वरचा सगळ्यात बारीक घेर घेतला, मग पोटरीचा सगळ्यात जाड घेर, गुडघ्याखालचा घेर आणि टाचेपासूनची उंची. माझ्या पोटरीचा घेर सकाळी ३५ सेंटीमीटर आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी संध्याकाळी साडेछत्तीस भरायचा, मी घरी ताडून पाहिलं होतं. संध्याकाळचं माप देऊन घेतलेलं स्टॉकिंग सकाळी ढिलं बसणारच.

आतल्या खोलीतल्या त्या यंत्राचं नाव, एअर प्लेथिस्मोग्राफ, भारी असलं तरी तत्त्व आठवीच्या पोराला समजेल इतकं सोपं आहे. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लांब, प्लास्टिकचा, हवा भरलेला पट्टा पायाभोवती असतो. त्यात अगदी हलकी, ६ मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाची हवा भरतात, पायाला चिकटेल पण दाबणार नाही एवढीच. पायात रक्त भरलं की पाय किंचित फुगतो, पट्ट्यातली हवा दबते आणि संगणकावर रेघ वर चढते. सुरुवातीला मोठ्या पिचकारीनं १०० मिलिलिटर हवा आत ढकलून रेघ किती हलते ते बघतात, म्हणजे पुढची प्रत्येक हालचाल मिलिलिटरमध्ये वाचता येते. प्रयोगशाळेत स्प्रिंगला ठरावीक वजनं लावून आम्ही जसं कॅलिब्रेशन करतो, तंतोतंत तीच पद्धत. ते बघताना मी पेशंट म्हणून आले आहे हे काही वेळ माझ्या डोक्यातूनच गेलं होतं.

आधी उघडा पाय. मला पलंगावर झोपवून पाय ४५ अंशात वर टेकवला. शिरा रिकाम्या होईपर्यंत रेघ खाली खाली जात राहिली आणि मग सरळ झाली. त्यानंतर झटकन उभं राहायचं, डावा पाय जमिनीला टेकवायचा पण त्यावर भार द्यायचा नाही, आणि चौकट धरून गप्प उभं राहायचं. रेघ चढायला लागली. चांगल्या पायात शिरा फक्त धमन्यांकडून येणाऱ्या रक्तानं हळूहळू भरतात, कारण वरून झडपा बंद असतात. माझ्यात वरून आणि खालून दोन्हीकडून भरत होतं. ती रेघ ज्या वेगानं उभी चढत गेली ते पाहून मला काही विचारायची गरज राहिली नाही. शिरांमध्ये एकूण १३८ मिलिलिटर रक्त मावलं आणि त्यातलं ९० टक्के भरायला २२ सेकंद लागले. भागाकार केला तर सेकंदाला ५.६ मिलिलिटर. निरोगी पायात हा आकडा २ च्या आत असतो.

मग दोन्ही पायांवर भार देऊन एकदा चवड्यांवर उठायचं आणि टाचा टेकवायच्या. एका झटक्यात पोटरी किती रक्त वर फेकते ते यातून कळतं. माझ्या पोटरीनं ५७ मिलिलिटर फेकलं, म्हणजे ४१ टक्के. ६० च्या वर असावं अशी अपेक्षा असते. शेवटी लागोपाठ दहा वेळा चवड्यांवर. दहाव्यानंतर शिरांमध्ये किती उरलं ते बघतात, कारण हा उरलेला हिस्सा चालताना घोट्यात राहणाऱ्या दाबाशी जुळतो. ३५ टक्क्यांच्या आत हवा, माझा ५२ होता. निम्म्याहून जास्त रक्त एवढ्या कवायतीनंतर जागच्या जागी.

आता स्टॉकिंग घालून तेच सगळं. जर्मन मानकातलं दुसऱ्या वर्गाचं होतं, खोक्यावर घोट्याजवळचा दाब २३ ते ३२ असा छापलेला. ते चढवण्याआधी मुलीनं पोटरीच्या खाली, जिथे टाचेमागची जाड कंडरा (टेंडन) संपून स्नायू सुरू होतो त्याच्या आतल्या बाजूला, कागदाइतकी पातळ प्लास्टिकची पिशवी चिकटवली. तिच्यातून निघालेली बारीक नळी एका हातात मावणाऱ्या यंत्राला जोडलेली. स्टॉकिंगच्या आत खरा दाब किती पडतो ते यावर दिसतं. आडवं असताना २१ आला. उभी राहिले तर २६.

खोक्यावरचा आकडा आणि पायावरचा आकडा वेगळे का, याचं उत्तर मी स्वतः देऊ शकत होते. ताण सारखाच असला तरी वक्रता बदलली की दाब बदलतो. बारीक घेरावर जास्त, जाड घेरावर कमी. म्हणून तर एकसारखं विणलेलं कापडही घोट्याला जास्त आणि पोटरीला कमी दाबतं, आणि चांगलं स्टॉकिंग हा उतार मुद्दाम आणखी नेमका करतं. नडगीच्या धारेवर दाब वाढून कातडी सोलवटू शकते, आणि घोट्याच्या हाडामागच्या खळग्यात तो जवळपास पोहोचतच नाही, तिथे गरज पडली तर फोमचा तुकडा ठेवतात. कॉनराड जोब्स्ट हा मूळचा जर्मनीतला, अमेरिकेत गेलेला अभियंता. त्याच्याच पायाला शिरांचा आजार होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय हलका वाटतो हे त्याच्या लक्षात आलं, आणि खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो तसाच खालून वर कमी होत जाणारा दाब देणारी स्टॉकिंग्ज त्यानं तयार केली. पुढच्या वर्षी द्रवदाबाचा धडा मी इथूनच सुरू करणार आहे.

हवेचा पट्टा स्टॉकिंगवरूनच बांधून मोजणी झाली. या वेळी रेघ चढली ती तिरकी, घाई नसल्यासारखी. मावलेलं रक्त १२१ मिलिलिटर, ९० टक्के भरायला ३३ सेकंद, म्हणजे वेग ३.३. एका उठण्यात ५२ टक्के बाहेर गेलं. दहा उठण्यांनंतर उरलं ३८ टक्के. स्टॉकिंग काढून, थोडा वेळ बसवून पुन्हा उघड्या पायानं पाहिलं, तर वेग परत साडेपाच. झडपा होत्या तशाच होत्या. पायात असेपर्यंतच त्याचं काम, हे इतकं स्पष्ट मला कुठल्याही माहितीपत्रकानं सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांना पट्टीचं बँडेजही दाखवायचं होतं, जे फारसं ताणलं जात नाही असं. ते बांधल्यावर आडवं असताना ४२ आणि उभं राहताच ६१ आला. स्टॉकिंगमध्ये फरक ५ चा होता, इथे १९ चा. कापड ताणलं जात नसेल तर फुगणाऱ्या स्नायूला जागाच मिळत नाही आणि प्रत्येक पावलाला दाब उसळतो. त्या बँडेजवर भरण्याचा वेग २.४ पर्यंत उतरला. मला वाटलं की मग हेच का नको? त्यांनी ते तसंच ठेवून कॉलेजात जायला सांगितलं आणि संध्याकाळी परत बोलावलं. संध्याकाळी आडवं असताना दाब २९ होता. दिवसभरात पायाची सूज उतरली होती, बँडेज थोडं सैल पडलं होतं. दुसऱ्या दिवशी स्टॉकिंग घालून तेवढीच ड्युटी केली, तर संध्याकाळीही २१ च. उघडी जखम असलेल्या माणसाला, रोज बांधून द्यायला प्रशिक्षित हात असतील तर, बँडेज अधिक कामाचं. माझ्यासारखीनं स्वतः सकाळी घालून रात्री काढायचं तर स्टॉकिंगच बरं. हा निर्णय आकडे समोर ठेवून झाला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. पाय हलके वाटतात का, एवढंच विचारलं असतं तर मी दोन्ही दिवशी हो म्हटलं असतं.

घालणं मात्र कसरत आहे. पलंगावरून पाय खाली सोडायच्या आत घालायचं. टाचेपर्यंत उलटं करून आधी पंजा बसवायचा, मग रबरी हातमोजे घालून तळहातांनी कापड वर सारत न्यायचं. नखानं ओढलं की धागा जातो. वरची कड कधीच दुमडायची नाही, तिथे दुप्पट दाब पडून फास बसतो. सासूबाई दारात उभ्या राहून बघायच्या. "एवढं आवळलं तर रक्तच थांबून जाईन ना व," त्यांची रोजची काळजी. एके दिवशी त्यांना मी त्या दोन रेघांचा छापलेला कागद दाखवला, कुठली उघड्या पायाची आणि कुठली स्टॉकिंगची ते सांगितलं. त्या बराच वेळ तो कागद धरून बसल्या आणि मग त्यांनी स्वतःहून धमन्यांच्या तपासणीची तारीख घ्यायला लावली. त्यांचा आकडा ०.७ आला. त्यांच्या सुजेवरचे उपचार आता वेगळेच सुरू आहेत.

नागपूरचा उन्हाळा हा या उपचाराचा खरा शत्रू. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उष्णतेनं कातडीखालच्या शिरा आणखी पसरतात. म्हणजे ज्या दिवसांत स्टॉकिंग नकोसं होतं, नेमकी त्याच दिवसांत त्याची गरज जास्त. बोर्डाचे पेपर तपासायचं काम होतं. कूलरसमोर बसून, बोटं उघडी राहतील असं स्टॉकिंग घालून, मधूनमधून उठून टाचा वर-खाली करत मी ते काम केलं. नवतपाच्या दिवसांत दुपारी काढून पाय उंच ठेवून पडायची मुभा डॉक्टरांनी दिली. रोज रात्री साध्या साबणानं धुऊन सावलीत वाळवायचं, पिळायचं नाही. कातडीला क्रीम लावायचं ते रात्री, कारण तेलकट क्रीमनं लवचीक धागे लवकर मरतात.

विदर्भातली कॉलेजं जूनच्या शेवटी उघडतात, त्याआधी पुन्हा मोजून घेतलं. उघड्या पायाचा वेग जवळपास तोच. स्टॉकिंग घालून मात्र ४.३ आला. मुलगी गोंधळली, आकडा पुन्हा घेतला, तोच. मग आतली पिशवी लावून पाहिलं, तर आडवं असताना फक्त १५. कापड दिसायला नव्यासारखंच होतं, कुठे उसवलेलं नाही, विरलेलं नाही. पण रोजच्या ताणानं, धुण्यानं आणि घामानं त्यातला जोर गेला होता. साधारण सहा महिन्यांनी बदला असं सगळीकडे सांगतात. एकच जोडी रोज वापरली आणि उन्हाळा नागपूरचा असला तर त्याच्या आतच ती थकते, हे माझ्या पायावर दिसलं. नवीन जोडी चढवली, २२ आला, वेग ३.२. आता दोन जोड्या आहेत आणि आलटून पालटून वापरते.

५.६ वरून ३.२ हे चांगलंच आहे, पण २ च्या आत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत लेझर करायचं ठरवलं आहे. मांडीतली ती शीर बंद केली की रक्त खोलवरच्या चांगल्या शिरांमधून जाईल, आणि त्यानंतर डॉक्टर हवेचा पट्टा पुन्हा बांधणार आहेत, स्टॉकिंग न घालता. त्या मोजणीत उघड्या पायाचा आकडा २ च्या खाली यायला हवा.